बेसबॉलमधली स्लाइड : समज आणि नियम

बेसकडे घसरत येणाऱ्या धावपटूला समोरच्या क्षेत्ररक्षकाला पाडायची मुभा असते, असे अनेकांना वाटते. हा समज उगाच रुजलेला नाही. दुसऱ्या बेसवर डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) मोडण्यासाठी क्षेत्ररक्षकाच्या पायांत घुसणे अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये वर्षानुवर्षे जिद्दीचा खेळ म्हणून खपून गेले.

१० ऑक्टोबर २०१५ रोजी लॉस एंजेलिसला डॉजर्स संघाचा धावपटू चेस अटली अगदी बेसजवळ येईपर्यंत धावत राहिला, उशिरा घसरला आणि थेट मेट्स संघाचा क्षेत्ररक्षक रुबेन तेहादावर आदळला. तेहादा तेव्हा पाठमोरा, चेंडू घेऊन वळत होता. त्याच्या उजव्या पायाच्या नडगीलगतचे हाड मोडले. अटलीचा बेसला स्पर्शही झाला नव्हता, तरी रिप्ले पाहून त्याला नाबाद ठरवले, कारण तेहादाचा पायही बेसला लागला नव्हता. मोडलेला पाय एकाचा आणि बेस दुसऱ्याला, हे कुणालाच पटण्यासारखे नव्हते.

२०१६ च्या हंगामापासून नियम बदलला. आता धावपटूने बेसच्या आधी जमिनीला टेकले पाहिजे, हात किंवा पाय बेसपर्यंत पोचवण्याचा आणि नंतर तिथेच थांबण्याचा प्रयत्न केला पाहिजे. धडक देण्यासाठी वाट बदलायची नाही, पाय मुद्दाम क्षेत्ररक्षकाच्या गुडघ्याच्या वर झाडायचा नाही. हे मोडून खेळात अडथळा आणला, तर तो स्वतः बाद होतोच, शिवाय फलंदाजही बाद.

पण म्हणून धक्काच लागू द्यायचा नाही, असेही नाही. वरच्या अटी पाळून घसरताना झालेला स्पर्श नियमात बसतो.

आणखी एक समज : प्रत्येक बेसला घसरलेच पाहिजे. मेजर लीगमध्ये अशी सक्ती नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या पुढे गेलात आणि क्षेत्ररक्षकाने चेंडूने टॅग (स्पर्श) केले, की बाद. तिथे स्लाइड म्हणजे ब्रेक. पहिल्या बेसवरून मात्र फलंदाजाला सरळ पुढे धावता येते. टॅग चुकवायचा नसेल, तर तिथे घसरण्यात फारसे काही मिळत नाही.

डोके पुढे करून सूर मारणे धाडसाचे दिसते, पण बेसवर आधी आदळतात ती बोटे. मे २०१७ मध्ये मेजर लीगचा खेळाडू माइक ट्राउटच्या डाव्या अंगठ्याचा अस्थिबंध असाच फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या बेसकडे जाताना असा सूर मारायला मनाई आहे.

दुखापतींचा सगळा दोष धावपटूवर ढकलणेही चूक. नेहमीचा बेस जमिनीतल्या धातूच्या खुंटाला पक्का बसवलेला असतो. घसरता पाय त्यावर अडकला, की घोटा मुरगळतो. जोराचा धक्का बसताच सुटून येणारे बेसही मिळतात. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हौशी सॉफ्टबॉलमध्ये दोन्ही प्रकार तपासले. पक्क्या बेसवरच्या ६२७ सामन्यांत घसरताना ४५ दुखापती, सुटणाऱ्या बेसवरच्या ६३३ सामन्यांत फक्त २. हा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडेही शाळा-महाविद्यालयांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जाते. प्रशिक्षकांनी साहित्य घेताना बॅट-ग्लोव्हजच्या आधी सुटणारे बेस मागावेत आणि मुलांना आधी पाय पुढे टाकून घसरायला शिकवावे.