थोडक्या पैशांत घरचं पुस्तकांचं कपाट

टिटवाळ्यात राहायला येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचा पगार घराच्या हप्त्यात, शाळेच्या फीमध्ये आणि लोकलच्या पासात संपतो. पुस्तकांसाठी वेगळे पैसे काढणं जड जातं. तरीही घरात एक कपाट पुस्तकांचं असावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते जुन्या वस्तूंमधून नीट उभं करता येतं. त्यासाठी काय करावं लागतं, ते इथे क्रमानं सांगते.

आम्ही मराठी ख्रिस्ती. रात्री जेवणं आटोपली की आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना होते. एकजण शास्त्रपाठ मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. त्याला जोडूनच दुसऱ्या एखाद्या पुस्तकाची चार-पाच पानं वाचायची सवय लागली. आपल्या घरी हरिपाठ होत असेल किंवा काहीच होत नसेल, तरी ही सवय लावता येते. सगळ्यांनी मिळून वाचायचं आहे हे एकदा ठरलं की कोणतं पुस्तक घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे आपोआप कळू लागतं.

पहिलं काम यादीचं. यादी न करता रद्दीच्या दुकानात गेलं की स्वस्त म्हणून पिशवीभर पुस्तकं घरी येतात आणि त्यातली निम्मी पुन्हा रद्दीत जातात. काटकसर इथेच फसते. दहा-बारा नावं लिहा, त्यापुढे कोणासाठी तेही लिहा.

माझ्या यादीत सर्वांत वर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. 1930 च्या दशकात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या; त्यामुळे त्यांचं लिहिणं थेट बोलण्यासारखं आहे आणि मोठ्यानं वाचायला फार सोपं जातं. वडिलांचं कडक सोवळं, पती नारायण वामन टिळकांचा 1895 सालचा बाप्तिस्मा, त्यानंतरची ताटातूट आणि पुन्हा एकत्र येणं, हे सगळं त्यात आहे. सामान आणायला गेलेले टिळक दौत घेऊन परत येतात, त्या प्रसंगाला आमच्याकडे लहानमोठे सगळे हसतात. महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या कुठल्याही बाईला तो प्रसंग आपल्याच घरातला वाटेल.

मात्र हे पुस्तक घेताना आवृत्ती पाहावी. पूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही आवृत्त्या आढळतात आणि संक्षिप्त आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तो शब्द बारीक असू शकतो. पानं उलटून चारही भाग आहेत का ते बघा. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली प्रत मिळाली तर सोडू नये.

‘श्यामची आई’ची गोष्टही अशीच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे पुस्तकाचा स्वामित्वहक्क, म्हणजे छापण्याचा राखीव अधिकार, संपतो. त्याचे लेखक साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे आता हे पुस्तक कोणीही छापू शकतो. म्हणून ते स्वस्त मिळतं, पण एखाद्या प्रतीत छपाईच्या चुका इतक्या असतात की मूल अडखळतं. मधलं कुठलंही एक पान उभ्याउभ्या वाचून पाहावं. दोन-तीन चुका तिथेच दिसल्या तर दुसरी प्रत शोधावी.

पुढे मुलांच्या वयाप्रमाणे भर घालावी. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना धरून ठेवतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. ‘तोत्तोचान’ नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत काढलं आहे. या संस्थेची मुलांची पुस्तकं नवी घेतली तरी परवडतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नयेत.

बायबल मात्र नवं घ्यावं. ते रोज हाताळलं जातं आणि बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रती मुळातच माफक किमतीच्या असतात. ज्यांना बायबलची ओळख नाही, पण वाचून पाहायचं आहे, त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ पाहावं. त्याची भाषा आजची आहे आणि त्याला अनुवादासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. ते जाडजूड आहे, किंमतही तशीच. म्हणून आधी ग्रंथालयातून आणून पाहणं बरं.

यादी झाली की शोध. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासूनचं आहे. तिथे सभासद झालं की पुस्तक आधी घरी आणून वाचता येतं आणि मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवता येतं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीनं पुस्तक आदान-प्रदानाचा उपक्रम रुजवला. वाचून झालेली पुस्तकं द्यायची आणि दुसरी न्यायची. मुंबईला जाणं झालंच तर माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशी आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. तिथे इंग्रजी जास्त, मराठी कमी.

सगळ्यांत चांगला माल मात्र घर बदलणाऱ्यांकडे निघतो. मे महिन्यात सोसायटीच्या जिन्याखाली गठ्ठे बांधून ठेवलेले दिसतात. ते रद्दीवाल्याकडे जाण्याआधी सरळ विचारावं. लोक आनंदानं देतात. रद्दीच्या दुकानात किलोचा भाव आणि पुस्तकाचा भाव वेगळा असतो. आधी भाव विचारायचा, मग पुस्तक बाजूला काढायचं. हातात धरून विचारलं की भाव चढतो.

आता पुस्तक तपासणं. आधी वास घ्यावा. कोंदट, ओलसर वास म्हणजे बुरशी. मग पुस्तक मधोमध उघडून कण्याच्या आत पाहावं. तिथे दोरा दिसला तर पुस्तक शिवलेलं आहे, ते दुरुस्त होतं. पानं नुसती गोंदावर चिकटवलेली असतील आणि गोंद कडक झाला असेल, तर उघडताक्षणी पानं सुटतात. कडेला कुरतडल्यासारखं दिसलं तर कसर लागलेली आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि असं पुस्तक घरात आणूच नये. शेवटचं पान जागेवर आहे ना, हेही बघावं. हे अगदी साधं वाटतं, पण गोष्टीचा शेवटच नसलेली पुस्तकं रद्दीत पुष्कळ असतात.

जुन्या बायबलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर पुष्कळदा घराण्यातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं शाईनं लिहिलेली असतात. अशी प्रत रद्दीत दिसली तर कृपा करून ती उचला आणि जवळच्या चर्चच्या पाळकांकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंकडे द्या. आडनावावरून आणि गावावरून ते कुटुंब सापडू शकतं.

आणलेलं पुस्तक लगेच कपाटात ठेवू नये. एक-दोन आठवडे ते वेगळं ठेवावं, नाहीतर एका पुस्तकातली कसर सगळ्या कपाटाला लागते. किड्यांची शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. पुस्तक खोलीइतकं कोमट होऊ द्यायचं, नाहीतर गार पानांवर दव धरतं.

फ्रीजरनं बुरशी जात नाही. तिच्यासाठी पुस्तक सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवावं. मग गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं कण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडावं. घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. ओल्या फडक्यानं पुसू नये, डाग आत मुरतो. कडक उन्हातही टाकू नये. कागद पिवळा आणि ठिसूळ होतो.

दुरुस्तीला लोक घाबरतात, पण घरचा मैदा पुरतो. दोन चमचे मैदा दहा चमचे गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा. मंद आचेवर ढवळत राहावं. आधी तो पांढरा, दुधासारखा दिसतो. मग एकदम दाटतो आणि थोड्या वेळात अर्धपारदर्शक, चकचकीत होतो. तेव्हा गॅस बंद करायचा. गार झाल्यावर सुती फडक्यातून गाळलं की खळ तयार. फ्रीजमध्ये ती दोन-तीन दिवस टिकते. बाइंडर मंडळी किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लहान मुलांच्या घरात नको.

फाटलेल्या पानासाठी पांढरा पतंगी कागद घ्यावा. रंगीत घेतला तर खळीनं रंग सुटून अक्षरांवर उतरतो. पट्टी कात्रीनं कापण्यापेक्षा ओल्या बोटानं रेघ ओढून हातानं फाडावी. कडा तंतुमय राहते आणि पानात मिसळून जाते. खळ अगदी पातळ लावायची. वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर पाटा किंवा जड डबा ठेवायचा. जास्त खळ लागली की पान सुरकुततं, ही नेहमीची चूक.

सेलोटेप मात्र कधीच नको. पहिल्या वर्षी छान दिसते. नंतर चिकटा पिवळा पडून कागदात उतरतो आणि पट्टी गळून गेली तरी डाग राहतो. फेव्हिकॉल पुठ्ठ्याच्या कव्हरला चालतो, पानांना नाही. वाळल्यावर तो कडक होतो आणि त्याच्या कडेला पान पुन्हा तुटतं. कव्हर सुटलं असेल तर कण्यावर मांजरपाटाची पट्टी लावावी.

पूर्ण खिळखिळं झालेलं पुस्तक बाइंडरकडे द्यावं, पण दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. कडा कापायच्या नाहीत, आणि आडवी शिवण मारायची नाही. आडवी शिवण म्हणजे कण्याजवळ वरून खालपर्यंत भोकं पाडून घातलेला दोरा. तिनं आतला समास खाल्ला जातो, पुस्तक सपाट उघडत नाही आणि ओळींची टोकं आत लपतात.

कपाटही जुनंच चालतं. बंद होणाऱ्या दुकानातले लोखंडी रॅक स्वस्त मिळतात. गंज सँडपेपरनं घासून, रेड ऑक्साईडचा हात देऊन वर ऑइल पेंट लावला की झालं. लाकडी घ्यायचं तर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात नवं-जुनं दोन्ही पाहायला मिळतं. जुन्या लाकडावर टकटक करा. खाली बारीक पिठूळ भुकटी पडली तर आत जिवंत कीड आहे, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

कपाट ठेवायची जागा महत्त्वाची. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून शक्यतो आतल्या भिंतीला ठेवावं आणि मागे तीन-चार बोटं जागा सोडावी. तळमजल्यावर, विशेषतः काळू नदीच्या बाजूच्या सखल भागात, खालचा कप्पा पुस्तकांना देऊच नये. तिथे भांडी ठेवा. पुस्तकं दाटीनं कोंबू नयेत. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ओल कोंडते, साधा खाकी कागद बरा. डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे पातळ फडक्यात बांधून ठेवावेत. तीही पुरचुंडी मुलांच्या हाताला लागू नये.

पुस्तक भिजलंच, तर पानांमध्ये वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. कोरा कागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात, त्यांच्यामध्ये ओली असतानाच बटर पेपर घालावा. मग पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं करावं.

राहिली उसनी देण्याची गोष्ट. पुस्तकं जरूर द्यावीत, शेजारच्या मुलांना तर नक्कीच. एक साधी वही कपाटालाच दोऱ्यानं बांधून ठेवावी: नाव, पुस्तक, तारीख. नेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहावं, म्हणजे मागताना संकोच होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कपाट रिकामं करून पुसायचं असतं. त्या आठवड्यात वही काढून सगळी पुस्तकं परत मागून घ्यावीत.