मणक्यात उरलेला मासा

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मी मुलांच्या हातात सुरमईचा मणका देते. दोन्ही तोंडांना खोलगट, आत वाढीची बारीक वर्तुळं, आणि इतका हलका की तळहातावर ठेवल्याचं कळतही नाही. असलं सच्छिद्र, ठिसूळ हाड मातीत हजारो वर्षं राहावं आणि त्यात डीएनएही शिल्लक असावा, हे मुलांना खरं वाटत नाही.

मासा मेला की त्याच्याच पेशींतली विकरं डीएनए तोडू लागतात. मग जिवाणू येतात, पाणी येतं. पण काही तुकडे हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांना घट्ट चिकटतात आणि त्यांच्या आडोशाला तगतात. गारवा असेल, माती आम्लधर्मी नसेल, तर फार काळ तगतात. जे हाती लागतं ते जेमतेम काही डझन अक्षरांचे तुकडे. त्यांच्या टोकांशी ‘सी’ हे अक्षर बिघडून ‘टी’ म्हणून वाचलं जातं. ताज्या डीएनएत ही झीज नसते, त्यामुळे हाताळणाऱ्या माणसाचा किंवा कालच्या माशाचा डीएनए वेगळा ओळखू येतो.

सस्तन प्राण्यांत डीएनएसाठी कानाच्या आतलं घट्ट हाड शोधतात. माशाला हा नियम लागू पडत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 200 हून अधिक कॉड आणि 38 ब्लूफिन टूना माशांची हाडं तपासली होती, काही तर 8000 वर्षांपर्यंत जुनी. ती ज्या उत्खननस्थळांहून आली, त्यांतल्या 79 टक्के ठिकाणी माशाचा स्वतःचा डीएनए सापडला. अमुक हाड चांगलं, तमुक वाईट, असं काही आढळलं नाही. फरक पडला तो मुख्यतः उत्खननाच्या जागेने आणि प्रयोगशाळेतल्या पूर्वतयारीने. ही तयारी म्हणजे मोठा पेच आहे. आधी ब्लीचसारख्या प्रक्रियेने हाड स्वच्छ केलं तर बाहेरचा डीएनए जातो आणि माशाच्या डीएनएचं प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकतं. पण कधी कधी नमुनाच हातचा जातो. हाडांत डीएनए इतका कसा टिकला, याचं संशोधकांनी सुचवलेलं एक कारण मला फार पटतं. आपली हाडं आयुष्यभर आतून विरघळत आणि पुन्हा बांधली जात असतात. माशाचं हाड वाढताना अशी मोडतोड सहसा होत नाही.

या चिवटपणाचं मोल हेथाबूला कळतं. जर्मनीच्या उत्तरेला, श्लाय खाडीच्या काठी वसलेली ही वायकिंगांची बाजारपेठ. तिथले आणि इतर ठिकाणचे मिळून कॉडचे 15 जुने काटे ऑस्लो विद्यापीठातल्या बास्तियान स्टार आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. उत्तर ध्रुवाकडचा, दूरवर फिरणारा कॉड आणि इतर कॉड यांच्या गुणसूत्रांत काही मोठे पट्टे एकमेकांच्या उलट बसलेले असतात. त्यामुळे तुकडे थोडे असले तरी मासा कुठला ते सांगता येतं. हेथाबूचे काही काटे थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या माशांचे निघाले. 1066 च्या आधीच, त्या काळच्या होड्यांतून, हा मासा इतक्या लांब आला होता. वाटेत नासला नाही, कारण तो वाळवलेला असणार. लोफोटेनला आजही कॉडचं डोकं आणि आतडी काढून, शेपट्या जोडीने बांधून तो लाकडी मांडवावर टांगतात. मीठ लावत नाहीत. आपल्याकडे वर्सोवा-वसईला बोंबील असेच वाळतात, फक्त लोफोटेनला काम करते ती थंडी आणि वारा.

आपल्या हवेत मात्र डीएनए फार लवकर विरतो. राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने आणि सहकाऱ्यांनी 60 हून अधिक नमुने तपासले, तेव्हा एका स्त्रीचा डीएनए मिळाला. 2019 साली त्याची मोठी बातमी झाली होती. ती माणसाची हाडं होती. आपल्या किनाऱ्यावरच्या काट्यांकडून फार आशा बाळगू नये, हे मी मुलांना सांगते. तरीही ते काटे टाकून देणं मला मुळीच मान्य नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीतून माशाचे काटे सरळ मातीबरोबर निघून जातात. खणताना बारीक चाळणी वापरावी. निदान थोडे काटे हातमोजे घालून उचलावेत, पाण्याने धुऊ नयेत, कारण धुतल्याने उरलासुरला डीएनएही जातो, आणि सावलीत कोरडे करून थंड जागी ठेवावेत.