आजी-आजोबांसकट तंबूत? भंडारदऱ्याला जमतं!

तंबूत राहायचं म्हटलं की घरातली ज्येष्ठ मंडळी आधी "संडासाचं काय?" विचारतात. रास्त प्रश्न! ग्लॅम्पिंगमध्ये, म्हणजे सोयीसुविधांच्या तंबूवासात, जाड कॅनव्हासच्या आत पलंग, गादी, दिवा आणि बऱ्याच ठिकाणी तंबूला लागूनच स्वच्छतागृह असतं. तरी बुकिंगआधी फोन करून विचाराच: कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, गाडीपासून तंबूपर्यंत किती चालावं लागतं. फोटोत चढ दिसत नाही!

कुटुंबासाठी माझी पसंती भंडारदरा, इगतपुरीहून घोटीमार्गे. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. जवळच १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर, आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, ज्याचं कोरीवकाम बघायला निवांत वेळ ठेवा.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत गेलात तर काजवे! हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारोंनी लुकलुकतात. पोटातल्या ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हा थंड प्रकाश निघतो, आणि ती लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. मोबाईलचा फ्लॅश, गाडीचे हेडलाइट पडले की ती सादच हरवते. पोरांना हे आधीच समजावून ठेवा (मोठ्यांना दोनदा).

थंडीत पहाटे कॅनव्हास दवाने आतूनही ओलसर लागतो, म्हणून कानटोपी, मोजे हवेतच. उन्हाळ्यात मात्र दुपारी तंबू चांगलाच तापतो. तेव्हा बाहेर सावलीत चटई टाका आणि पिठलं-भाकरी मागवा.