ए०९ : कारण ठाऊक नसलेल्या दुखण्याचं नाव

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर जुलाबांवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं असं झालं, की गेल्या आषाढात आम्हाला गॅस्ट्रो झाला. दोन दिवस सलाईन लागलं. घरी सोडताना हातात कागद मिळाला, त्यावर निदानासमोर लिहिलं होतं 'ए०९'. उभा जन्म व्याख्या शिकवण्यात गेलेला, आम्हाला राहवेना.

हा संकेत आहे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडीतला. १८९३ मध्ये झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिच्यातून हे वाढलं. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ते सांभाळते. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०२२ पासून अमलात आली, पण आमच्या कागदावर दहावीच होती.

तिच्यात आतड्यांचे संसर्ग ए०० ते ए०९ या दहा घरांत बसवलेत. ए०० म्हणजे पटकी, कॉलरा. ए०१ विषमज्वर. ए०६ अमीबाचा आमांश. ए०८ मध्ये विषाणू. त्यात रोटाव्हायरसला ए०८.०. आणि शेवटी ए०९, म्हणजे ज्याचा जंतू सापडलेला नाही असा गॅस्ट्रो. बरं, संसर्गाशिवायही आतडी बिघडतात. त्यांची सोय दूर 'के'च्या प्रकरणात, के५२ मध्ये.

आता गंमत बघा. 'ए'चं प्रकरण कारणावरून केलेलं आहे, 'के'चं अवयवावरून. तार्किक विभाजनात एका वेळी एकच तत्त्व लावावं, हे आम्ही वर्गात घोकून घेत असू. इथे दोन लावली आहेत. मग डॉक्टरांनी नुसतं 'गॅस्ट्रोएन्टरायटिस' लिहिलं तर ते कुठे टाकायचं?

दहाव्या आवृत्तीत सुरुवातीला उत्तर होतं ए०९, म्हणजे संसर्ग गृहीत धरा. पण खाली टीप होती : ज्या देशात असं दुखणं संसर्गाचं नाही असं मानता येतं, तिथे के५२.९ लिहा. म्हणजे शब्द तोच, रोगी तसाच, पण देश बदलला की संकेत बदलला! पुढे ए०९ चे दोन भाग झाले. ए०९.० संसर्गजन्य, ए०९.९ उगम अनिश्चित. अमेरिकेच्या स्वतःच्या आवृत्तीत मात्र नुसत्या 'गॅस्ट्रोएन्टरायटिस'ला अजून के५२.९ च मिळतो.

आपले नैयायिक लक्षणाचे दोष सांगतात. नको ते आत आलं तर अतिव्याप्ती, हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती. ए०९ मध्ये अतिव्याप्ती आहेच. शिळ्या माशाने पोट बिघडलेलाही त्यात शिरतो. पण अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात, पावसाळ्यात, विहिरीत गढूळ पाणी उतरत असताना, आम्ही अतिव्याप्तीच पत्करू. का, ते सांगतो.

आम्ही सात वर्षांचे असताना आमची धाकटी बहीण एका रात्रीत गेली. उलट्या आणि जुलाब. घरात 'दृष्ट लागली' म्हणाले. आठवड्याभरात वाडीतली आणखी दोन मुलं गेली. तिन्ही घरं एकाच विहिरीवर पाणी भरत. पण तीन मृत्यू एका ओळीत मांडून बघणारं कुणी नव्हतं. तीन घरांतली तीन दुःखं, एवढंच.

संकेत रोग्याला बरं करत नाही. त्यासाठी जलसंजीवनी आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर माणसं वाचवली. त्यासाठी जंतूचं नाव कळायची वाट पाहावी लागली नाही. संकेत लागतो तो मोजायला, आणि मोजदाद लागते ती विहिरीपर्यंत पोचायला.

आपल्या देशातल्या रोगसर्वेक्षणात, २००४ पासून, ज्ञानाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. आरोग्यसेविका लक्षणं पाहून नोंदवते तो एस नमुना, डॉक्टर तपासून लिहितात तो पी, प्रयोगशाळा खात्री करते तो एल. संशय, संभव, निश्चय! प्रमाणशास्त्र शिकवताना आमच्या हाती याहून चांगलं उदाहरण नव्हतं. आणि यातलं शहाणपण असं, की संशयसुद्धा नोंदवायचा. निश्चय होईपर्यंत थांबलो तर जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकणार कधी?

तेव्हा एवढंच करा. जुलाब सुरू झाले की जलसंजीवनी लगेच सुरू करा. डॉक्टरांनी शौचाचा नमुना मागितला तर लाजू नका, आणि शक्यतो प्रतिजैविक घेण्याआधी द्या. तुमचा ए०९ कदाचित ए०० निघेल, आणि ते गावाला कळायला हवं. शेजारच्या घरातही तेच असेल तर आशाताईंना आजच सांगा.

'ठाऊक नाही' असं प्रामाणिकपणे लिहायला एक घर ठेवलंय, हे आम्हाला या वर्गीकरणात आवडलं. मात्र त्या घरात किती माणसं जमली, ते मोजायला हवं. आमच्या बहिणीच्या वेळी ते घरच नव्हतं.