सर, मला लिहायला वेळ लागतो

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या आयांना शीवचं पालिका रुग्णालय तापा-खोकल्यासाठी पूर्वीपासून ठाऊक. नंतर तिथे वेगळी तक्रार घेऊन पालक जाऊ लागले: मूल चुरूचुरू बोलतं, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगतं, पण वहीत सगळं उलटसुलट.

1996 मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन उभी राहिली. अशा मुलांना दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं अशा सवलती मिळू लागल्या. 2005 मध्ये शीवच्याच डॉक्टरांनी ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मधल्या लेखाच्या शीर्षकात डिसलेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला ‘न दिसणारं अपंगत्व’ म्हटलं. 2007 मध्ये अशाच मुलावरचा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली.

मराठी माध्यमाची मुलं मात्र बराच काळ मागेच राहिली. तपासणीच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीत, मग मराठीत अडखळणाऱ्या मुलाचं निदान करायचं कशावर? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड यांच्याबरोबर मराठीतही तयार केली, तोवर कितीतरी मुलं ‘आळशी’ हा शिक्का घेऊन शाळेबाहेर पडली होती. याची खंत मला आजही वाटते.

या सगळ्या वाटचालीत मुलाच्या वतीने दुसरेच बोलले. फाईल आईच्या हातात, सर्टिफिकेट डॉक्टरांचं, परवानगी बोर्डाची. पण सवलत परीक्षेपुरती असते आणि तास तर रोज भरतो. इतिहासाच्या तासाला मूल तिसऱ्या ओळीवर असतानाच फळा पुसला जातो. ते शेजारच्याच्या वहीत डोकावतं, ओरडा खातं आणि दुसऱ्या दिवसापासून लिहिणंच सोडतं. तिथे आई नसते.

म्हणून मुलाला त्याचं निदान त्याच्या भाषेत सांगायला हवं. नेमकी मागणी त्याच्याकडून घरी म्हणवून घ्यायला हवी: ‘सर, मला उतरवायला वेळ लागतो. फळ्याचा फोटो काढू का?’ ‘बाई, मला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका, तोंडी विचारा.’ आधी एकट्या बाईंपाशी, मग वर्गात. ही सवय चौथी-पाचवीतच लागली, तर नववीत प्रमाणपत्रासाठी धावपळ करताना मूल निदान गप्प तरी बसणार नाही.

शिक्षकांना एकच विनंती. जूनमध्ये नवा वर्ग हाती येईल तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन विचारा, ‘तुला शिकताना कुठे अडतं?’ आणि ते जे सांगेल ते खरं माना.