दूरच्या डिस्कवरचा डेटाबेस : एक मागोवा

दुसऱ्या संगणकावरची डिस्क आपल्याच संगणकातली असल्यासारखी वापरू देणारी नेटवर्क फाइल-प्रणाली सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये विकसित केली आणि ‘एनएफएस’ या नावाने ती रूढ झाली. सामायिक कागदपत्रांसाठी ती उत्तम ठरली, परंतु डेटाबेसच्या फाइली तिच्यावर ठेवल्या जाऊ लागल्या तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या. डेटाबेस सर्व्हर प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात लिहितो आणि तो डिस्कवर उतरल्याची हमी मिळाल्यावरच ‘नोंद झाली’ असे कळवतो. जवळची डिस्क सहसा होय किंवा नाही असे सांगते. दूरची डिस्क निरुत्तरही राहू शकते, आणि सारा घोटाळा येथेच आहे. ‘हार्ड’ जोडणीत प्रक्रिया उत्तराची वाट पाहत अडकून पडते, तर ‘सॉफ्ट’ जोडणीत ठरावीक वेळेनंतर चूक कळवली जाते, मात्र लेखन झाले की नाही हे अनिश्चितच राहते.

एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत लेखन डिस्कवर उतरल्याशिवाय उत्तर न देण्याचा नियम होता. तो संथ म्हणून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने आधी स्वीकारण्याची व नंतर पक्के करण्याची मुभा दिली. साठवणुकीच्या सर्व्हरवर ‘असिंक’ हा पर्याय निवडला असेल, तर नुसते मेमरीत असलेले लेखनही पक्के झाल्याचे सांगितले जाते आणि त्याच क्षणी वीज गेली, तर मान्य झालेली नोंद नाहीशी होते. २००० च्या चौथ्या आवृत्तीत फाइलीचे कुलूप, म्हणजे दोघांनी एकाच वेळी लिहू नये यासाठीचा अटकाव, मुदतीवर मिळू लागले. लिनक्सवर ही मुदत सामान्यतः ९० सेकंदांची असते आणि संपर्क त्याहून अधिक काळ तुटल्यास कुलूप दुसऱ्याकडे जाऊ शकते.

संपर्क असा दीर्घकाळ तुटण्याचे उदाहरण कोकणातलेच आहे: महाड आणि पोलादपूर तालुक्यांत जुलै २०२१ च्या महापुरात व दरडींत वीज आणि दूरसंचार तासन्‌तास बंद होते. तेथे ९० सेकंदांवर विसंबणे धोक्याचे आहे. जुलै २००५ च्या पुराप्रमाणे तेव्हाही महाडचे तळमजले पाण्याखाली गेल्याने माहितीची प्रत बाहेरगावी असणे अत्यावश्यकच ठरते, मात्र ती डिस्क दूर नेऊन साधत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत २०१० पासून रोजनामाच अखंड दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवता येतो: मूळ फाइली वरच्या मजल्यावरच्या स्वतःच्या डिस्कवर राहतात, प्रत पुण्यात किंवा अलिबागेत तयार होते, आणि संपर्क तुटला तरी असमकालिक, म्हणजे दूरच्या प्रतीच्या उत्तरासाठी न थांबणाऱ्या, पद्धतीत, वीज असेपर्यंत, स्थानिक काम चालू राहते, फक्त न पोहोचलेला रोजनामा साठवण्याइतकी मोकळी जागा पावसाळ्यापूर्वीच राखून ठेवावी लागते.