चाक नेमकं कुठून हलतं?

पिकअपचा पुढचा भाग किती झिजला हे मीटर पाहून कळत नाही. नांदगाव पेठला महामार्गालगतच्या एका गॅरेजात आलेल्या गाडीचा मीटर अडीच लाखांच्या पुढे गेला होता. मालकानं दोन नवे शॉकअप सोबतच आणले होते. खड्ड्यात स्टेअरिंगला हिसका बसतो, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, टायर एका कडेनं खाल्लंय, म्हणजे शॉकअपच गेले, असा त्यांचा हिशोब.

मिस्तरींनी खोक्यांना हात लावला नाही. शॉकअप गळत नव्हते, आणि बंपर दाबून सोडला तर गाडी एकदाच उसळून थांबत होती. मग त्यांनी पुढच्या अ‍ॅक्सलखाली जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. खट्‌ आवाज आला. पोराला केबिनमध्ये बसवलं. "ब्रेक दाब बरं." पुन्हा हलवलं, पुन्हा खट्‌. "पाहा भाऊ, बेरिंग असतं तर आता बंद झालं असतं. हे किंगपिन हाय."

ही तपासणी मला त्या दिवसातली सगळ्यात मोलाची वाटली. ब्रेक दाबला की ड्रम मागच्या प्लेटशी जखडतो, बेरिंगची ढिलाई झाकली जाते. तरीही जे हलतं ते किंगपिनमध्येच, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्यात. चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवलं तेव्हा टायरॉडचा एक एंडही सैल निघाला. नंतर टॉमी घालून पाटे उचकले, तर दुसऱ्या नंबरचा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटलेला. तुटीचा अर्धा भाग गंजून तपकिरी, अर्धा चकचकीत. तडा कधीचाच होता. बाकीचं परवा-तेरवा तुटलं.

एवढी झीज कशानं? अमरावती ते अकोला रस्ता म्हणाल तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला, तो याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. पण ही गाडी भरते वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत. तिथून डांबरीपर्यंत पांदणच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. क्रेटांनी भरलेली गाडी त्या चाकोऱ्यांतून तिरपी चालते, तेव्हा सगळा भार पुढच्या एकाच बाजूवर येतो. चिखल किंगपिनच्या सांध्यात शिरतो, वाळतो, आणि ग्रीसची वाट बंद करतो.

किंगपिन काढण्यातच अर्धा दिवस गेला. चाक, ड्रम, ब्रेकचं साहित्य उतरलं, अडकण म्हणून बसवलेली कॉटर ठोकून काढली, डिझेल सोडून थोडं थांबले, मग पितळी सळई ठेवून घण. निघालेल्या पिनेच्या खालच्या टोकाला नख अडकेल एवढा पायरीसारखा खळगा पडला होता. ग्रीसचं भोक पूर्ण बुजलेलं. निपलवर ग्रीस मारलं जात होतं, आत मात्र पोचत नव्हतं. दुसऱ्या चाकाची पिनही याच मापानं झिजली असणार, म्हणून दोन्ही बाजू एकदम केल्या.

नवे बुश दाबून बसवले, तर पिन आत जाईना. इथे काही ठिकाणी पॉलिश पेपर गुंडाळून बुश घासतात. मला तो प्रकार गुन्ह्याइतकाच वाईट वाटतो, कारण भोक वाकडं होतं आणि नवी पिन थोड्याच महिन्यांत पुन्हा वाजू लागते. मिस्तरींनी रिमर घेतला. वरच्या आणि खालच्या बुशात तो एकाच रेषेत राहील असा धरून हातानं थोडा फिरवायचा, कीस पुसायचा, पिन घालून पाहायची. घाई शून्य. पिन अंगठ्याच्या दाबानं सरकली आणि सोडल्यावर आपोआप खाली पडली नाही, तेव्हाच थांबले. मग खाली थ्रस्ट बेरिंग, वर शिम घालून उभी ढिलाई काढली.

तुटका पाटा तेवढाच बदलला. नव्याची कमान जास्त होती, ती ठोकून जुन्या संचाशी जुळवून घेतली. यू बोल्ट मात्र नवेच घातले. ताणलेला आटा पुन्हा धरत नाही. ते शेवटचे आवळले चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच.

टायरॉड एंड बदलून टो-इन जुळवलं. बिल देताना मालकाला सूचना मिळाली : "आठ दिसानं येजो, यू बोल्ट पुन्हा आवळून देतो. अन् ग्रीस मारताना गाडी जॅकवर घेजो. वजन असलं तर थ्रस्ट बेरिंगमध्ये ग्रीस शिरत नाई."